टेकडीवरचा तुझा आवाज

प्रिय अण्णा,

उद्या सकाळी मी आणि रऊफभाई टेकडीवर जाणार आहोत, तिथल्या पेटीतला तुझा आवाज पुसायला. तुझ्याशी आयुष्यभर भांडले ते तोंडावर. पाठीमागे कधी काही केलं नाही. म्हणून आधी तुला कळवतेय.

किती हौस होती तुला त्या रिपीटरची! हातातल्या वायरलेस सेटचा आवाज जेमतेम वेशीपर्यंत जातो, टेकडीवरची पेटी तो उचलते आणि तालुकाभर पोचवते, हे शाळेतल्या पोरांना सांगायचास तसं आम्हालाही सांगितलंस. मला आणि तुझ्या दोस्ताला, रऊफभाईंना, हॅम रेडिओच्या परवान्याच्या परीक्षेला बसवलंस, वहिनी तर नवी नवरी, तिलाही सोडलं नाहीस. "हौस तुझी आणि अभ्यास आमचा," म्हणून मी तुझ्या नावानं बोटं मोडायचे. पेटीच्या घोषणेसाठी आवाज मात्र स्वतःचाच भरलास. आधी कॉल साइन, म्हणजे परवान्यावरची आपली खूण, मग आपल्या घरच्या बोलीत, "बोला, ऐकायलोय."

उन्हाळ्यात तू गेलास आणि पेटी तशीच बोलत राहिली. आवाज बदलू या, असं कुणीच म्हणालं नाही. मला तर तो ऐकून बरं वाटायचं. वहिनीला काय वाटत असेल, हे मी विचारलंच नाही.

ती मांजरा नदीकाठच्या घरात एकटीच राहिली. मूर्तीशेजारी तुझा फोटो, फोटोपुढे मेणबत्ती आणि मेणबत्तीशेजारी तुझा सेट. सदा चालू. मला ते बरंच वाटलं. पावसात मोबाइलचा टॉवर पडला तरी वहिनीशी बोलता येईल, असा माझा हिशोब होता.

टॉवर पडलाच. पोळा होऊन गेला होता, वरच्या धरणाची दारं उघडल्याची बातमी होती. इथं भालकीत रऊफभाईंच्या दुकानातल्या सेटवरून मी हाका मारल्या. दर हाकेनंतर नुसती खरखर. सकाळी पहिल्या बसनं गेले तर वहिनी दारात उभी. पाणी परसापर्यंत येऊन मागं गेलं होतं आणि गाळाला कुजका वास येत होता.

"वहिनी, कामून बोलला नाहीत?"

"बोलले की. तू हाक मारलीस तवा दर येळी बोलले. तुला ऐकूच जाईना. मला वाटलं, मी बी गेले का काय."

अण्णा, हे ती अगदी शांतपणे म्हणाली. भाजीला मीठ कमी पडलं म्हणावं तसं.

तू शिकवलं होतंस, की सेट पोचत नसेल तर आधी स्वतःवर संशय घ्यायचा, मग सेटवर, मग टेकडीवर. मी तसंच केलं. बॅटरी भरलेली. अँटेना घट्ट. ताकद पूर्ण. पत्र्यावर चढून पाहिलं, तिथूनही पेटी स्वच्छ ऐकू येत होती, पण आमचं काही तिच्यापर्यंत जाईना. शेवटी टोन पाहिला. पेटीला तू कुलूप घातलं होतंस ना? बोलण्याच्या खाली सेटनं एक बारीक सूर पाठवला तरच ती उघडते. तो सूरच बंद झालेला.

कसा झाला? वहिनी रोज मेणबत्ती लावताना तुझा फोटो पुसते, मूर्ती पुसते, तसा सेटही पुसते, ओल्या फडक्यानं, एकेक बटण दाबून. आणि तो चालूच असतो. "बंद करून पुसा," म्हटलं तर म्हणाली, "बंद केला अन् तवाच त्ये बोलले तर?"

मी सूर पुन्हा चालू केला, बटणांना लॉक लावलं आणि मोठा पराक्रम केल्यासारखी भालकीला परत आले. पण आधीचं बरं होतं की काय, असं आता वाटतंय.

कारण चारच दिवसांनी रऊफभाई म्हणाले, "सुनंदा, कोई बात नै करता. नुसतं कळ दाबून सोडायलंय." मी दुकानात बसून ऐकलं. पेटी काही वेळ गप्प राहिली, मग टक्‌ असा आवाज, आणि लगेच तू: "बोला, ऐकायलोय." पुन्हा शांतता. पुन्हा टक्‌. पुन्हा तू. दिवसभर.

तुला तर ठाऊकच आहे. पेटी गप्प असताना कुणी कळ दाबली, की ती आधी तुझी घोषणा ऐकवते. वहिनीला हे कळलं होतं. मी मध्येच म्हटलं, "वहिनी, तुम्ही आहात का?" टक्‌टक् थांबली. 

गेले तिच्याकडे. म्हणाली, "तुमी बोलले की त्येंचं बोलणं तुटतंय. नका बोलू मधी."

रागावू की रडू, कळेना. बॅटरी अशीच संपते, लाइट तर तिकडे दिवस दिवस नसते, आणि ज्या दिवशी खरंच हाक मारायची त्या दिवशी सेट मेलेला असेल. हे सगळं सांगितलं. तिनं चहा टाकला.

तिला एकदा भालकीला आणलंही. पण आमची गल्ली खोलगट, समोर गोदामाची भिंत. गच्चीवर टाकीशेजारी उभी राहून तिनं कळ दाबली, पुन्हा दाबली. तुझा सेट पोचेना. मी म्हटलं, उंच अँटेना लावून देते. तर म्हणते, "त्येन्ला त्योच पत्ता म्हाईत हाय, सुनंदा. हितं कशे सापडतील?" आणि दुपारच्या बसनं परत गेली.

आता नदी पुन्हा चढतेय, तिच्या गावात दवंडी झाली आहे. नदीकाठच्यांनी घरं सोडावीत. शेजारपाजारचे सगळे गेले. परसात काल दोन साप निघाले, ते पाण्याच्या पुढं पुढं येतात असं म्हणतात. वहिनी म्हणते, "मी हाक मारली की त्ये ओ देतेत. घर सोडून कुठं जाऊ?"

एवढं आपलं कामून करून घेतलंस रे तिला? आणि जाताना सोडवून का नाही गेलास?

रऊफभाई सोबत येणार आहेत, पण म्हणाले, "मेरा हाथ नै चलता. बटण तूच दाब." दाबीन. आधी तुझा आवाज माझ्या मोबाइलात उतरवून घेईन. मग पेटीत माझा भरीन, कॉल साइन, आणि नंतर, "वहिनी, अण्णाचा आवाज माझ्याकडे आहे. भालकीला या." मग थेट तिच्या दारात जाऊन उभी राहीन. हा डाव आहे, मला कळतं. मायेपोटी असला तरी डावच.

आणि उद्या ती कळ दाबेल, तू बोलणार नाहीस, तेव्हा ती काय करेल? माझ्यासोबत बसमध्ये बसेल, की पेटी गप्प झाली म्हणून तिथंच बसून राहील? मला सांगता येत नाही, अण्णा. मला फार भीती वाटतेय.

हे दुकानात बसून लिहितेय. बाहेर आभाळ भरून आलंय, रऊफभाईंनी माल आत घेतला. आत्ता पुन्हा टक्‌ झालं आणि तू म्हणालास, "बोला, ऐकायलोय."

ऐकतोयस ना? मग एवढं ऐक. उद्या तिला ओ देऊ नकोस. मी तिला घेऊन येईन, आणि ती माझ्या घरात आल्यावर तुझा आवाज तिच्या हातात ठेवीन. हा शब्द देते.

तुझी,
सुनंदा