महालक्ष्म्यांचं उष्टं

माय, तू गेलीस त्याला बरीच वर्षं झाली, आणि आज मी अमरावतीच्या फ्लॅटच्या गॅलरीत नाकाला पदर लावून तुलाच बोल लावतेय. महालक्ष्म्यांचं उष्टं उंबऱ्याबाहेर टाकायचं नाही, हा नियम तुझा. अकोल्याच्या घराला अंगण होतं. पंगती उठल्या की तू खड्डा खणून पत्रावळींसकट सगळं पुरायचीस. इथे तिसऱ्या मजल्यावर मी कुठे खणू? म्हणून यंदा आंबील, कढी, पुरण, सोळा भाज्या, उरलंसुरलं सगळं खताच्या ड्रममध्ये ओतलं. मध्ये मध्ये कोरडा पाला घालायचा असतो, तो घातलाच नाही. वाटलं, देवीचं अन्न आहे, कुजेल आपलं आपण.

आठव्या दिवशी झाकण उघडलं आणि ओकारीच आली. वर हिरवट बुरशी, खाली काळं पाणी, आणि त्यात भाताच्या शितांसारख्या पांढऱ्या अळ्या वळवळताहेत. शी! खालच्या काकू ओरडल्या, "काय सडून राहिलं व बाई तुमच्या घरी?" नवरा म्हणाला, "फेकून दे ना बाहेर, कोण पाहून राहिलं?" पण तुझा नियम मोडवेना आणि ती घाण बघवेना. शेवटी हातमोजे घालून पाला कालवायला बसले. एक अळी मोज्याच्या आत शिरली, तेव्हा मी किंचाळले. पन्नाशीची बाई, लाज वाटली.

तू खड्ड्यातलं उष्टं न् माती उघड्या हातांनी कालवायचीस. मी नववीत होते, मैत्रीण उशिरा जेवायला आली होती. तू खड्डा बुजवून आलीस, हात धुतलेस आणि आम्हाला पुरणपोळी वाढायला वाकलीस. मी ताट मागे ओढलं. "तुया हाताले वास येते." तू हात नाकाशी नेलास. "धुतले व माय मी, दोन डाव," म्हणालीस आणि पुन्हा मोरीवर गेलीस. मैत्रीण हसली. त्यानंतर तू मला कधी हातानं घास भरवला नाहीस. तापात पडले तेव्हाही चमचा घेऊन आलीस, आणि मी चमच्यानंच खाल्लं.

मला या घाणीची किळस येते, आजही, मरेपर्यंत येईल. ते लपवत नाही. हे लिहिलेलं कोणाला दाखवणारही नाही. पण त्या दिवशी तुझ्या हाताला वास येत नव्हता. साबणाचा येत होता. मैत्रीण तुझ्या नखांतल्या मातीकडे बघत होती, म्हणून मी तसं म्हणाले.