तोंडाला न लागलेला बर्फ

आई, तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. ती सांगण्याआधी थोडं बर्फाचं बोलावं लागेल, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. लढाईची वर्षं होती. गावाकडच्या वाटणीच्या जमिनीत आपलं भागेना, म्हणून आण्णा आपल्याला घेऊन सांगलीला आले आणि बर्फाच्या कारखान्यात कामाला लागले. लाद्या साच्यातून काढताना जे तुकडे पडायचे ते कामगारांनी घरी न्यावेत अशी तिथली रीत होती. दुपारी आण्णा जेवायला येत तेव्हा त्यांच्या सायकलला लाकडाच्या भुशात लपेटलेल्या बर्फाचं एक ओलं गोणपाट बांधलेलं असे. गल्लीतल्या पोरांना आमचा हेवा वाटायचा. पण बस्तीत, आपल्या जैन मंदिरात, देवदर्शनाला गेलं की बायका कुजबुजायच्या. बर्फ म्हणजे पाण्यातल्या असंख्य जिवांची हत्या, जैनाच्या घरात तो खायचा नसतो, आणि ह्यांच्याकडे तर रोज येतो म्हणे. तू दोन-तीन वेळा ऐकून घेतलंस. मग एका सकाळी मला बरोबर घेऊन बस्तीत मुक्कामाला आलेल्या महाराजांसमोर हात जोडून उभी राहिलीस आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "त्यांनी पोटासाठी करायचं ते करतील. माझ्या तोंडात बर्फाचा खडा जलमभर जाणार न्हाई. नियम द्या." परतताना रस्त्यात तू मला म्हणालीस, "आता कोण त्यास्नी बोलतंय बघू." तेव्हा मला कळलं की तो नियम तू धर्मासाठी घेतलास तसा आण्णांच्या नोकरीसाठीही घेतलास.

पण बर्फ तर रोज येतच राहिला, आणि तुला काही वाया गेलेलं बघवायचं नाही. आण्णा म्हणाले, "आणत न्हाई उद्यापास्नं." तू म्हणालीस, "आवं, पाप कवाच होऊन गेलंय, आता ते गटारात कशाला वताय?" आणि तू त्या बर्फाला कामाला लावलंस. पितळेचा तांब्या पातेल्यात अडकून बसला की बायका तो आपटून चेपवून टाकत. तू तांब्यात बर्फ भरलास, पातेलं गरम पाण्याच्या परातीत ठेवलंस, आणि दोन मिनिटांनी जरा पिळल्यावर दोन्ही भांडी अलगद सुटली. तुझ्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला अजून दिसतो. त्यानंतर अख्ख्या गल्लीची अडकलेली भांडी आपल्या दारात येऊ लागली. उन्हाळ्यात ताकावर लोणी येईना तर तू डेरा बर्फाच्या घमेल्यात बसवायचीस, पण एक खडा आत पडू द्यायची नाहीस. आमटीवर तेल जास्त झालं तर पळीत बर्फ घेऊन पळीची नुसती पाठ तवंगावरून फिरवायचीस. तेल गोठून पळीला चिकटायचं आणि बर्फ आमटीला शिवायचाही नाही. रॉकेल मिळत नव्हतं म्हणून मेणबत्त्या लावायचो, त्यातलं मेण आण्णांच्या कोटावर सांडलं तेव्हा तू त्यावर बर्फ धरलास आणि मेण नखानं टरफलासारखं उचलून काढलंस. माझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता त्या दिवशी मी रडून गोंधळ घातला होता. तू माझा पाय मांडीवर घेऊन टाच बर्फानं बधिर केलीस. "दुखतंय काय?" विचारलंस. मी नाही म्हणेपर्यंत काटा तुझ्या चिमटीत होता. उरलेला चुरा तू जाईच्या मुळाशी घालायचीस, म्हणजे पाणी हळूहळू मुरतं. पण घालण्याआधी वाकून बघायचीस. "मुंग्या हायत काय बघ गं आदी."

शेजारची काकी घसरून पडली आणि तिचा हात सुजला, तो दिवस तर मला कालच्यासारखा आठवतो. तिच्या मनगटात सोन्याची पाटली रुतली आहे. सोनार पाटली कापायची म्हणतोय, आणि काकी कापू देत नाही, कारण थोरल्या लेकानं फौजेत भरती होताना ती तिला केली होती आणि त्याचं पत्र येऊन पाच महिने झाले आहेत. "पाटली तोडली तर माझ्या लेकाचं काय तरी वंगाळ व्हईल," म्हणून ती रडते आहे. तू सोनाराला हातानंच थांबवतेस. काकीचा हात वर धरून खांबाला टेकवतेस, बर्फाचं फडकं गुंडाळतेस, आणि तासभर तिच्याशी भलत्याच गोष्टी बोलत राहतेस. मग साबण लावून पाटली अशी फिरवत फिरवत काढतेस की काकीला ती हातात आल्यावरच कळतं. काकीनं तुझ्या पाया पडायला वाकावं आणि तू मागं सरकावंस. "मी काय केलं? बरफानं केलं," म्हणालीस.

शाळेच्या जत्रेत मी लाल सरबत घातलेला बर्फाचा गोळा खाल्ला आणि ओठ पुसत घरी आले. तुला कळणारच होतं. मी मार खायच्या तयारीनं उभी राहिले. तू मला ओसरीवर बसवलंस आणि अगदी शांतपणे म्हणालीस, "नियम माझा हाय, तुझा न्हाई. खायाचा तर खा. पर लपवून खाऊ नगंस. लपवल्यालं पोटात कुजतंय, पोरी." आई, आयुष्यात तू मला पुष्कळ बोललीस. त्यातलं हे एक वाक्य मला गेली साठ वर्षं सोडत नाही.

मी चौदा वर्षांची असताना तुला मुदतीचा ताप आला. शाळा सोडून मी तुझ्या उशाशी बसले. बर्फ आता तुझ्या डोक्यावर होता. आण्णा सकाळी आणायचे, मी भुसा धुऊन वरवंट्यानं तो फोडायची आणि डॉक्टरांनी दिलेल्या रबरी पिशवीत भरायची. दुसऱ्या आठवड्यात तुझ्या पोटात पाणी ठरेना. उकळून गार केलेलं पाणी चमच्यानं दिलं तरी उलटून पडायचं. जीभ काळी पडली होती, ओठांना भेगा गेल्या होत्या. डॉक्टर आले, नाडी बघितली आणि आण्णांना म्हणाले, "बर्फाचा बारीक खडा चोखायला द्या. त्यानं उलटी थांबेल, अंगात थोडं पाणी जाईल. नाहीतर अवघड आहे." आण्णा म्हणाले, "तिचा नियम हाय, डॉक्टर. ती घ्यायची न्हाई." डॉक्टर चिडले, "बाई शुद्धीवर कुठं आहे? मग तुम्ही ठरवा." आण्णांनी ठरवलं नाही. ते बस्तीत जाऊन येतो म्हणून निघून गेले, आणि घरात तू आणि मी राहिलो.

भर दुपार होती. तू डोळे मिटून एकसारखी "पाणी, पाणी" करत होतीस. तुझा आवाज ओळखू येत नव्हता. मी एक चमचा पाणी दिलं, ते लगेच बाहेर पडलं, आणि त्यात हिरवं पित्त होतं. मग मी धुवट मलमलीचा तुकडा घेतला, त्यात हरभऱ्याएवढा बर्फाचा खडा बांधला आणि तुझ्या ओठांमध्ये ठेवला. तू तान्ह्या पोरासारखा चोखलास. मी दारं लोटून घेतली. खडा संपला की दुसरा, तो संपला की तिसरा. उलटी झाली नाही. ऊन कलायच्या सुमाराला तू डोळे न उघडताच म्हणालीस, "लय गार हाय गं... लय ग्वाड लागतंय." मी पुढचा खडा बांधला. आण्णा परत आले तेव्हा ओली मलमल तुझ्या उशाशीच पडली होती. त्यांनी ती उचलली, पिळली, दोरीवर वाळत घातली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर येऊन गेल्यावर ते पुन्हा बस्तीत निघून गेले, तिसऱ्या दिवशीही गेले, आणि दोन्ही दुपारी मी पुन्हा मलमलीत खडे बांधले. चौथ्या दिवशी तुझ्या पोटात पाणी ठरलं, आणि पुढच्या आठवड्यात ताप उतरला.

तू उठून बसायला लागलीस तेव्हा पेजेची वाटी हातात धरून पहिली गोष्ट मला विचारलीस, "मी भरमात काय बाय मागितलं न्हाई न्हवं?" मी म्हटलं, "पाणी मागत होतीस." तू माझ्याकडे निरखून बघितलंस. "बरफ तोंडाला लावला न्हाईस न्हवं गं?" त्या क्षणी खरं बोलणं सोपं होतं. तू जिवंत होतीस, माझ्यासमोर होतीस, वाटीतून वाफ येत होती. मी म्हटलं, "न्हाई आई. चमच्यानं पाणीच दिलं."

पुढं काय झालं ते तुला माहीत आहे, पण मला त्यात कसं वाटत होतं ते माहीत नाही. अंगात बळ येताच तू बस्तीत गेलीस आणि ज्या बायका एके काळी कुजबुजायच्या त्यांना सांगितलंस, "मरणाच्या दारात हुते, पर माझ्या पोरीनं माझा नियम राखला." बायकांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवले. एकीनं आपल्या लेकीला सांगितलं, पोर असावी तर अशी. दर वर्षी पर्युषण संपल्यावर आपण सगळ्यांची क्षमा मागायचो, तेव्हा तू माझ्यापुढंही हात जोडायचीस, आपल्या लेकीपुढं, आणि म्हणायचीस, "काय चुकलंमाकलं आसंल तर क्षमा कर गं पोरी." मीही हात जोडून तेच म्हणायची. सगळ्यांना म्हणायचं तेच, काही वेगळं नाही. माझं लग्न साताऱ्याला झालं तेव्हा तू पूजेला नेसायचं तुझं हिरवं इरकली लुगडं माझ्या पेटीत घातलंस आणि सासूबाईंना म्हणालीस, "इस्वासाची पोर हाय माझी. तिच्या हातात जीव दिला तरी चालंल." मी ते लुगडं दोनदा नेसले. दोन्ही वेळा पूजा संपताच सोडून पेटीच्या तळाशी ठेवलं.

बर्फ दिल्याचं मला वाईट वाटत नाही, आई. ती दुपार पुन्हा आली तर मी पुन्हा देईन. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. तुला खरं कळलं असतं तर तू काय केलं असतंस ते मला ठाऊक आहे. महाराजांकडे जाऊन प्रायश्चित्त मागितलं असतंस, दोन-चार उपवास केले असतेस, आणि मोकळी झाली असतीस. माझ्यावर एक दिवस अबोला धरला असतास फार तर. मोडलेला नियम सांधायचा मार्ग तुझ्या धर्मात होता, आणि मी तो तुझ्यापासून लपवला. त्यानंतर वीस वर्षं जगलीस तू. शेवटच्या आजारात मी साताऱ्याहून आले, आठ दिवस तुझ्याजवळ राहिले, तुझे पाय चेपले, तुला स्तोत्रं वाचून दाखवली. खोलीत कितीदा आपण दोघीच होतो. एकदा तर तू स्वतःहून त्या तापाचा विषय काढलास. मी पांघरूण सारखं केलं आणि तुला औषधाची वेळ झाल्याचं सांगितलं.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुला धक्का बसू नये म्हणून मी गप्प राहिले. आज हे लिहायला बसले तेव्हाही तेच लिहिणार होते. हा कागद कुठं पाठवायचा नाही, कुणाला दाखवायचाही नाही, तेव्हा खोटं लिहून काय मिळणार? गेल्या महिन्यात सांगलीकडची एक ओळखीची बाई इथल्या बस्तीत भेटली. चार बायकांत माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हिनंच आईचा नियम राखला हुता बरं." बायका माझ्याकडे कौतुकानं बघायला लागल्या. मी होकारार्थी मान डोलावली. आई, तुला धक्का बसेल म्हणून मी कधीच गप्प नव्हते. मला ते कौतुक आवडत होतं.