पलूसची तार, कराडचा सर्व्हर

४ जून, सातारा
आज दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांशी बोलले! पलूसचा टायपिंग क्लास बंद पडला तेव्हा क्लासच्या मालकीणबाईंनी मला दिलेले हे जुने डबे. एकावर लिनक्स टाकून सर्व्हर केला, दुसऱ्यावरून हाक मारली. उत्तर आलं. एकटीच हसत बसले. सासूबाई डोकावल्या, "काय गं, एकटीच?"

आण्णा आठवले. सैन्यात सिग्नलला होते, फोनच्या तारा ओढायचं काम. निवृत्त होऊन पलूसला आल्यावर त्यांनी घर ते विहिरीवरची मोटारीची खोली अशी तार ओढून दोन फोन जोडले होते. "हॅलो घर, चहा पाठवा." आई लाजून उचलायचीच नाही. मी उचलायचे. शाळेतून पळत यायचे त्यासाठी.

१९ जून
सबनेट, म्हणजे नेटवर्कचे तुकडे पाडणं. डोकं बधिर. व्हिडिओतला माणूस भरभर इंग्रजी बोलतो, मागे नेऊन नेऊन ऐकते.

विलास कंपनीतून आले, बघत उभे राहिले. "एवढं करून नोकरीला घेणार कोण? बी.ए. मराठी तू." चिडून नाही म्हणाले. तरी लागलं.

लग्नाआधी क्लासमध्ये शिकवायचे ते दिवस... द्राक्षबागेतून थेट येणाऱ्या बायका, हातांना फवारणीच्या औषधाचा वास. शिंदेकाकू म्हणायच्या, "बाई, बोटं ऐकत न्हाईत वो." ऐकतील, म्हणायचे मी. आता मला कोण म्हणणार?

११ जुलै
कराडला गेले. खासगी हॉस्पिटल, सर्व्हर सांभाळायला मदतनीस हवा. कदमसर तिथले प्रमुख.

"कोर्स कुठं केला?"
"घरीच, सर."

समोर एक मशीन ठेवलं, नेटला लागत नाही, बघा म्हणाले. केबल बघितली, पत्ता बघितला. गेटवे, म्हणजे बाहेर जायची वाट, तीच चुकीची! दुरुस्त केली. पुढचं एक काम मात्र अजिबात जमलं नाही. येत नाही म्हणून सांगितलं.

"येत नाही म्हणता, ते बरं," सर म्हणाले. "इथं न कळता हात घातलेला परवडत नाही."

घेतलं. आधी शिकाऊ म्हणून, पण घेतलं!

साताऱ्याच्या स्टँडवर विलास उभे, हातात कंदी पेढे. "निकाल न विचारताच आणले," म्हणाले.

२ सप्टें.
सर सुटीवर, आणि सकाळीच केसपेपर निघेनात. रांग दारापर्यंत. एक आजोबा काउंटरवर वाकून, "आवं बाई, कवा चालू हुनार? म्हातारीला धाप लागलीय." सिस्टरनी त्यांना आधी आत घेतलं. मी सर्व्हरच्या खोलीत. डिस्क गच्च भरलेली, सर्व्हर स्वतःच लिहीत राहतो त्या नोंदींच्या फायलींनी. सरांना फोन, लागेना. पुसू? न पुसता आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवलं, मग जागा केली. चालू झालं.

रांग सरल्यावर जिन्यात बसून आण्णांना फोन लावला.

"भ्या वाटलं व्हय?"
"खूप."
"आमालाबी वाटायचं पोरी. तिकडं लाइन तुटली की तार धरून शोधत जायचं. पुढं कोण हाय, जितं हाय का न्हाई, काय कळायचं न्हाई."

सैन्यातलं इतकं काही सांगितलं आण्णांनी, हे आजवर नव्हतं सांगितलं.

२० ऑक्टो., पलूस
आण्णा चक्कर येऊन पडले. हाताला प्लास्टर. आई गेल्यापासून एकटेच.

केस विंचरून दिले त्यांचे. किती मऊ झालेत. लहानपणी ते माझी वेणी घालायचे, सैन्यातल्यासारखी घट्ट, डोळे ताणले जायचे.

"आमच्याकडं चला."
"न्हाई. हितं तुझ्या आईचं घर हाय."
"आणि परत पडलात तर?"
"उटीन की."

६ जाने.
नोकरीत कायम झाले! पण सरांची अट, कराडातच राहायचं, बोलावलं की लगेच पोचायला हवं. विलास म्हणाले, "मी करीन ये-जा साताऱ्याला." सासूबाई म्हणाल्या, "कृष्णेच्या जवळ बघा घर, मला घाटावर जाता येईल." मला रडूच आलं.

११ जाने., कराड
घर बघितलं. पलूस इथून कितीतरी जवळ. एक खोली जास्तीची आहे. तिथूनच आण्णांना फोन केला, खोलीचं सांगितलं.

"उजेड येतो का?"
"येतो. सकाळचा."
"बरं."

बरं म्हणजे काय, विचारलं नाही. रविवारी आण्णांना आणून खोली दाखवते; तोवर घरमालकांना थांबा म्हटलंय.