पूद्रीसाठी दुसरा शब्द

१२ जानेवारी, सोमवार

उणे एकोणीस. सगळ्या पायऱ्यांवर व्हेर्ग्ला – पाऊस पडता पडता गोठून बसलेली काच. आणि या काचेवरून आज ऑफिसात कोण यावं? फ्रान्सहून, ल्यों शहरातून आलेली एक बाई, पायात उंच टाचांचे बूट! दारातच घसरली. आमचे व्यवस्थापक वेंडल धावले म्हणून सावरली. नाहीतर आज मला लिहायला काहीतरी बरं मिळालं असतं.

नाव सोलेन वासर. पन्नाशीची. गळ्यात रेशमी रुमाल. आपल्या नगरपालिकेचं फ्रेंच 'नीट' करायला आली आहे म्हणे, सहा आठवड्यांसाठी. म्हणजे माझं फ्रेंच! एकतीस वर्षं रोज पहाटे साडेपाचला मी त्या फोनच्या यंत्रात हवामान आणि रस्ते बोलून ठेवते – आधी फ्रेंच, मग इंग्लिश. सहापासून अख्खा किनारा आणि समोरचं बेट तो नंबर फिरवतं. बेटावरून समुद्रात भराव घालून केलेला आठ किलोमीटरचा कॉजवे ओलांडून इकडे यायचं की घरी बसायचं, हे माझ्या तोंडून ठरतं. नर्स, शाळेची बस, मासेवाले – सगळ्यांचं.

आणि ही मला शिकवणार.

१४ जानेवारी

आज कॉजवेवर पूद्री होती, तसं मी सकाळी बोलले. नऊ वाजता बाई टेबलाशी हजर. "मादाम दुगे, पूद्री म्हणजे आमच्याकडे बंदुकीच्या दारूचा कारखाना!" आणि हसली. वेंडलही हसले. त्यांना काहीच कळलं नव्हतं, पण कोणी हसलं की हसायचं ही त्यांची सवय. अकरा वर्षं झाली त्यांना इंग्लिश बोलणाऱ्या फ्रेडरिक्टनहून इथे येऊन, अजून ब्रेड मागायला गेले तर माणसं आधी इंग्लिशमध्ये उत्तर देतात, दया म्हणून.

मी बाईला समजावलं. आकाश निळंशार असतं. वरून एक कण पडत नाही. आणि खाली वारा पडलेलं बर्फ उचलून असं फिरवतो की आपल्याच हातातला मोजा दिसत नाही. ती पूद्री. बाहेरून आलेला माणूस वर बघतो, ऊन बघतो, निघतो आणि मरतो. "मग तुमचा कारखाना काही चुकीचा नाही," म्हटलं.

बाईने वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं देव जाणे.

वेंडलना या शब्दावर बोलायची सोय नाही. पहिल्याच वर्षी त्यांनी माझ्या फ्रेंचवरून स्वतः इंग्लिश केलं होतं: पूद्री, म्हणजे पावडर, म्हणजे स्कीवाल्यांचं ते भुसभुशीत मऊ बर्फ! त्या रविवारी दोन जण डोक्यावर स्की बांधलेली गाडी घेऊन कॉजवेवर आले होते. रस्त्यावरचं बर्फ काढणाऱ्या युलिसने ओढून काढले. तेव्हापासून इंग्लिशही मीच बोलते.

१५ जानेवारी

उणे सव्वीस. बाईने बूट विकत घेतले. पुरुषांचे.

२० जानेवारी

यादी आली. बासष्ट शब्द. पहिल्या रकान्यात 'स्थानिक', दुसऱ्यात 'मान्य', तिसऱ्यात 'मादाम दुगे यांचा शेरा'. आमचं गल्लीतलं बर्फ, अंगणातलं बर्फ, बुटाला चिकटणारं पाणीदार बर्फ – सगळ्यांना हिने धुऊन-पुसून इस्त्री केली आहे. एक्केचाळिसावा शब्द पूद्री. त्यावर रेघ. समोर: शास-नेज.

मी मोठ्याने हसले. हिच्या पुस्तकात शास-नेज म्हणजे वाऱ्याने उडणारं बर्फ असेलही. इथे शास-नेज म्हणजे बर्फ काढायची गाडी! पिवळी. पुढे लोखंडी पातं, आत युलिस. त्याच्या दारावर हाच शब्द हातभर अक्षरांत रंगवलेला आहे, बाई रोज त्याच्यासमोरून जाते. म्हणजे धोका आहे असं सांगायचं, तर आता मी काय बोलायचं? 'कॉजवेवर बर्फाची गाडी आहे.' ऐकणारा म्हणेल, वा, रस्ता साफ होतोय, चला!

दुपारी युलिस कॉफी प्यायला आला. माझा चुलतभाऊ, तीस वर्षं ती गाडी चालवतो. त्याला यादी दाखवली.

"म्हणजे मी आता हवामान झालो?"

"हो. आज सकाळी तू ताशी सत्तर किलोमीटरने वाहत होतास."

"बायकोला सांगतो. ती म्हणते तू जागचा हलत नाहीस." मग यादीवर बोट ठेवून म्हणाला, "अगं, पण हे सांग की त्या बाईला. शेऱ्यात लिही. कोणीतरी फसेल."

संध्याकाळी निघताना बाईनेही तेच सांगितलं. "तिसरा रकाना तुमच्यासाठी आहे, मादाम. इथलं तुम्हाला जास्त कळतं." किती गोड! आधी माझी भाषा पुसायची आणि मग मलाच म्हणायचं, जरा तपासून द्या. मी तिच्या शाळेतली पोर आहे का? कोरा कागद परत केला. एकही शेरा नाही.

२१ जानेवारी

बाई कोऱ्या रकान्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे सगळं ठीक आहे?"

मी म्हटलं, "तुम्ही शिकलेल्या, मादाम."

वेंडलनी सुटकेचा निःश्वास टाकला. यांना भांडण नको असतं, बस. तेवढं मिळालं की बाकी गाव बुडालं तरी चालेल.

२ फेब्रुवारी

शांदलरचा सण. आज घरोघरी क्रेप – तव्यावरचे पातळ गोल पोळे. मीही चार केले, एकटीने खाल्ले, वर मोलॅसिस. एकटीसाठी क्रेप उलटवण्यात काही अर्थ नाही, बघायला कोणी लागतं.

आमच्या घरी क्रेप हवेत उडवायचं काम एक्झिल्दाचं. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. छताला चिकटवायची आणि आई ओरडेपर्यंत हसायची. आता बेटावर एकटी राहते. मूत्रपिंडं गेली आहेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार इकडच्या हॉस्पिटलात रक्त साफ करायला येते, स्वतःची ती गंजकी गाडी चालवत. मोबाईल नाही. हॉस्पिटलची व्हॅन नको म्हणाली. ही मला नर्सकडून आलेली बातमी. आम्ही नऊ वर्षं बोललेलो नाही.

कारण हवंच असेल तर लिहिते, इथे कोण वाचणार आहे. आईच्या अंत्यविधीत ती चर्चमध्ये चार शब्द बोलायला उभी राहिली. आईने बाबांची होडी यायची वाट कशी पाहिली, त्या 'स्टॉर्ममध्ये' – असं म्हणाली. इंग्लिश शब्द, आईच्या शवपेटीसमोर! मी पहिल्या बाकावरून म्हटलं, "तांपेत, एक्झिल्दा. तांपेत." हळूच म्हटलं होतं. पण ते चर्च, ऐकू गेलं. दोघं-तिघं हसले. ती कागद घडी करून खाली उतरली.

शब्द तर चुकीचाच होता.

माझा आवाज ती मुळीच ऐकत नसणार. हट्टाने इंग्लिश रेडिओ लावत असेल, कळो न कळो. मंगळवारी-गुरुवारी पूद्री असली की मला तेवढं एक आठवतं. मग वाटतं, नर्सेस आहेत, शेजारी आहेत, ती काही लहान नाही.

६ फेब्रुवारी

हुकूम. सोमवारपासून यादीतलेच शब्द. वेंडल स्वतः सांगायला आले, हातात टोपी. "झेलिका, कृपा करून... दोन आठवडे तरी. मग बाई जातील." म्हणजे यांनाही माहीत आहे की हे बावळटपण आहे! पण बोलायची छाती नाही.

मी म्हटलं, "अक्षर न् अक्षर पाळेन."

ते खूश होऊन गेले. माणसाला टोमणा कळायलासुद्धा भाषा यावी लागते.

मजा अशी की इंग्लिशमध्ये मी नेहमीसारखं बरोबरच बोलणार. फक्त फ्रेंचवाल्यांपैकी कोणीही इंग्लिश सुरू होईपर्यंत फोन धरून ठेवत नाही. एकतीस वर्षांत कोणी नाही. फ्रेंच संपलं की ठक्.

बघूच मग. दोन-चार बसवाले कॉजवेच्या तोंडाशी येऊन अडकतील, शिव्या घालत ऑफिसात फोन करतील. तो फोन मी बाईच्या हातात देणार आहे. तिचा चेहरा बघायचा आहे मला.

९ फेब्रुवारी, सोमवार

वारा नाही. उणे चार. पाणीदार बर्फाला मान्य शब्द वापरला, तर बेकरीवाल्याने फोन करून विचारलं, "झेलिका, तब्येत बरी आहे ना?" बाई म्हणाली, "बघा, सवय होईल."

१० फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी साडेपाच. युलिसचा कॉजवेवरून फोन. वारा ताशी नव्वद. "पूद्री, झेलिका. मला माझं पातं दिसत नाही. मी परत फिरतोय, कोणाला सोडू नकोस."

बोलले. स्वच्छ, हळू, बाईच्या उच्चारात: कॉजवेवर शास-नेज. मग इंग्लिश.

एकदा वाटलं पुसून पुन्हा बोलावं. मग तो कोरा रकाना आठवला आणि बाईचा "सवय होईल". नाही पुसलं.

आत्ता सात वाजलेत. खिडकीतून बघते तर आकाश कसं निळं, एक ढग नाही.

त्याच दिवशी, दुपार

साडेआठला ऑफिसचा फोन वाजला. मी खुर्चीत सरसावून बसले, बसवाला असेल म्हणून. डाव्या हाताने बाईला खूण पण केली, या, इकडे या.

हॉस्पिटलची नर्स होती. "बेटावरच्या एक्झिल्दा आठला यायच्या होत्या. त्या घरी फोन उचलत नाहीयेत."

त्याच दिवशी, संध्याकाळ

युलिस आणि आणखी दोघं. एक जण दोर धरून गाडीपुढे चालत होता, पावलागणिक काठी टोचत. तीन तास. तिसऱ्या किलोमीटरला सापडली, गाडी दगडांवरून खाली समुद्राच्या बर्फावर उतरलेली, इंजिन बंद. तिने मागच्या सीटवरचं घोंगडं पांघरलं होतं. जिवंत आहे. बेशुद्ध. पायांचं काय ते उद्या सांगणार. रक्त साफ करायचं राहिलं ते आता घाईने चाललंय.

युलिसच्या भुवयांवर बर्फ होतं, आत आल्यावर वितळून गालांवर आलं. त्याने माझ्याकडे पाठ करून हातमोजे पिळले. शिव्या घातल्या असत्या तर बरं.

११ फेब्रुवारी

डाव्या पायाची तीन बोटं काढली.

आज यंत्रात पूद्री बोलले. कोणालाही न विचारता.

१२ फेब्रुवारी

हॉस्पिटलच्या बाकावर बसले होते. सोलेन वासर आली. त्या पुरुषी बुटांत, वितळलेलं बर्फ फरशीवर टाकत. हातात ती फाईल. मला वाटलं, आता पुस्तक काढेल, पान दाखवेल. मी तयार होते. जिभेवर सगळं होतं.

ती शेजारी बसली. "दारावर लिहिलेलं मी रोज वाचत होते," म्हणाली. "युलिसच्या गाडीच्या. वाचून मला कळायला हवं होतं. चूक माझी आहे, मी तसं लिहून दिलंय." मग फाईल उघडून एक्केचाळिसावी ओळ दाखवली, तिसरा रकाना, कोरा. "फक्त एक विचारू? तुम्हाला माहीत होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

एकतीस वर्षांत त्या यंत्रात मी एकही खोटी गोष्ट बोलले नव्हते. मंगळवारपर्यंत. आज दुसरी.

१३ फेब्रुवारी

एक्झिल्दा डोळे उघडते, छताकडे बघते, मिटते. मी खुर्चीवर. नर्सने विचारलं कोण तुम्ही. मी म्हटलं बहीण. नऊ वर्षांनी तो शब्द तोंडातून काढला, तर दोनदा म्हणावा लागला.

१४ फेब्रुवारी

वेंडलनी फुलं पाठवली. सोबतच्या कार्डावर फ्रेंचमध्ये तीन ओळी, त्यात चार चुका. कोणाला दाखवलं नाही. उशाशी ठेवलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

एक्झिल्दा बोलली. पाणी मागितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि ओळखलं. ओठ फाटलेत, कान जवळ न्यावा लागतो.

"रोज तुझाच आवाज लावते मी. नऊ वर्षं. उन्हाळ्यातसुद्धा," म्हणाली. "गाडी पुढे आहे म्हणालीस, म्हणून निघाले. बाहेर स्टॉर्म दिसत होतं गं. पण म्हटलं, झेलिका चुकीचा शब्द बोलायची नाही."

मी काही दुरुस्त केलं नाही. मुद्दाम बोलले होते, हे अजून सांगितलेलं नाही.