वैमानिकाचा दहावा

९ फेब्रुवारी १९७४, उंब्रज
आलो बुवा एकदाचा आपल्या मुलखात! आमच्या कंपनीचं मालवाहू विमान गेल्या रविवारी इथल्या उसात पडलं. सांगाड्यावर पहारा हवा होता. साहेब म्हणाले, अजितकुमार सांगलीचा मेकॅनिक आहे, त्यालाच धाडा. उसाच्या कडेला तंबू ठोकलाय. शेताचे मालक लालासाहेब दूध पाठवतात, ताजा गूळ पाठवतात. मी जैन, मावळतीच्या आत जेवतो, म्हणून त्यांच्या घरी कामाला असलेल्या रंगूबाई चारलाच ताट घेऊन येतात. माणसं लय भली. चार दिवस मजेत जातील.

११ फेब्रुवारी
साहेबांनी धाडलं खरं, पण ही ड्यूटी मीच मुद्दाम मागून घेतली; ते का, हे इथे लिहायला हरकत नाही. उजव्या इंजिनाची तेलाची नळी बदलली म्हणून मी सही केली होती. बदलली नव्हती, नुसती पट्टी आवळली. नवी नळी भांडारात नव्हती आणि साहेब डोक्यावर बसलेला. ती जुनीच फुटली. आज ती सांगाड्यातून काढून कृष्णेत टाकली. सुटलो.

१२ फेब्रुवारी
विमानातले दोघं गेले. एकाचा देह मद्रासला नेला. वैमानिक नानासो इथलाच, रहिमतपूरचा. आज नदीकाठी त्याचा दहावा होता. वडील तात्याबा, पेन्शनर फौजी. आमच्यात ही रीत नाही, मी कडेला उभा राहिलो. पिंडाला कावळा शिवेना. गेलेल्याची इच्छा राहिली की शिवत नाही म्हणे. तात्याबांनी शब्द दिला, तुझी लेक शिकवतो. नाही. तुझ्या आईला संभाळतो. नाही. शेवटी रडत म्हणाले, “तुझी चूक झाली आसंल तर म्या पोटात घातली, बाळा.”
झाडावरचे सगळे कावळे एकदम उडून गेले.
म्हातारा तिथेच बसलाय. कावळा शिवेपर्यंत पाणीसुद्धा घेणार न्हाई म्हणतो.

१३ फेब्रुवारी
रंगूबाईंनी विनवलं, तुमी विमानातलं जाणता, त्या बापाला काय झालं ते तरी सांगा. मी काठावर गेलो आणि सांगितलं, नानासोंचा उंचीचा अंदाज चुकला. जीभ झडली कशी नाही माझी?
सव्वाचारला आवाज आला. डावं इंजिन नीट, उजवं खोकत होतं. मग बंद. आभाळ मोकळं. लालासाहेब म्हणाले, कुठं काय?

१४ फेब्रुवारी
हाताला तेल लागतंय. गरम. राखेने घासलं, कातडं सोललं, तरी येतंय. तंबूवर कावळे बसलेत, ओळीने, गप्प.
तीनदा काठावर जाऊन परतलो. एकच वाक्य बोलायचंय. पण घरी बायकोला, पद्मावतीला, सातवा महिना आहे. मला तुरुंगात घातलं तर तिने काय करायचं? म्हाताऱ्याचे ओठ फुटलेत. देवा, त्याला पाणी प्यायची बुद्धी दे!

१५ फेब्रुवारी
साहेब लोक चौकशीला आले. वैमानिकाची चूक, असं लिहिलं. साक्षीदार म्हणून माझी सही मागितली. मी — केली. पुन्हा केली.
दुपारी तात्याबांनी काठावरच प्राण सोडला. विमानवाल्या पोराला बोलवा, म्हणाले होते. गडी हाक मारून गेला. मी आतच पडून होतो. मी आतच —

१६ फेब्रुवारी
सांगतो. सगळ्यांना सांगतो. पण ऐकणार कोण — लालासाहेब समोरून गेले. हाक मारली. वळले नाहीत.
उजवं खोकतंय. डोक्यावर. खाली खाली —
चार वाजले. रंगूबाई आल्या. ताट तंबूबाहेर, भुईवर ठेवलं. लांब सरकल्या. का?
कावळा उतरला. एकच. भाताला चोच — शिवला. माझ्या ताटाला शिवला.
“सुटलं ते विमानवालं पोर,” म्हणत रंगूबाईंनी हात जोडले. दहाव्यावरून परततात तशा निघाल्या. मागे बघत नाहीत.
अहो रंगूबाई — नळी मी — नानासोंची चूक न्हाई — ऐका हो, मी आहे अजून, मी इथंच —