अम्माच्या कानाची बॅटरी

नल्लूर, जाफना
३ फेब्रुवारी १९९३

चि. कुगन यास, अ. उ. आ.

आम्ही खुशाल आहोत. मागचं छप्पर उडालं, पण ते तसंही गळत होतं. काळजी एकच. अम्माच्या कानातल्या यंत्राची बॅटरी संपली आणि सरकारने इकडे बॅटऱ्या आणायला बंदी घातली आहे. विमानं आली की आम्ही खंदकात पळतो, आणि ती विचारते, जेवण टाकून कुठे चाललात?

बाँबचं तिला काही नाही. तुझा आवाज मात्र डोळे मिटण्याआधी एकदा ऐकायचाय म्हणते. तुला यायला पास मिळत नाही. निदान कॅसेट भरून पाठव.

लोभ आहे तेवढाच ठेव. वाढवलास तर चौकीवर अडकेल.

तुझी अक्का,
तवमणी


वेलवत्ता, कोलंबो
११ मार्च

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

शाळेतल्या कनगम बाई गावी परतताहेत. त्यांच्याबरोबर कॅसेट आणि तुझ्यासाठी हिरवा ब्लाउज पाठवतोय. तिसऱ्या बटणाचा टाका कच्चा आहे. घालण्याआधी उसवून बघ.

अत्तान भावोजींना नमस्कार. माया असू दे.

तुझा धाकटा तंबी,
कुगन


नल्लूर
२ एप्रिल

चि. कुगन यास, अ. उ. आ.

हे पत्र हातोहात धाडतेय, म्हणून लिहिते: बटणातून बॅटरी सुखरूप निघाली. वीज नाही, तेव्हा तुझ्या अत्तानांनी सायकल उलटी करून तिच्या डायनॅमोवर टेप चालवला. ते दमले की तुझा आवाज जाड व्हायचा. अम्मा म्हणाली, पोरगा मोठा झाला.

पण तिला शब्द एकही कळला नाही. आम्हालाच टेपला कान लावावा लागला. ती विचारते, गल्लीभर ऐकू जाईल असं बोलणारा माझा मुलगा इतकं हळू का बोलतो? खोलीत कुणी आजारी आहे का?

विमान मात्र तिला स्वच्छ ऐकू येतं. हल्ली खंदकात तीच पहिली असते.

आठवण ठेव.

तुझी अक्का,
तवमणी


वेलवत्ता
२० एप्रिल

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

आजारी कुणी नाही, भिंत पातळ आहे. शेजारचं सिंहली कुटुंब भलं आहे, सणाला दूधभात देतं. पण वरच्या मजल्यावरचा मुलगा फोनवर आपल्या भाषेत मोठ्याने बोलला आणि दुसऱ्या दिवशी त्याला चौकशीला नेलं. तो अजून आलेला नाही. तेव्हापासून इथे आम्ही सगळे तमिळ हळूच बोलतो. कॅसेट भरताना मला तर वाटलं, मी ओरडतोय.

अम्माला सांग, बॅटरीच कमजोर निघाली.

हेही हातोहातच धाडतोय; दुसरी कॅसेट सोबत आहे. समुद्राकाठच्या रुळांपाशी उभा राहिलो आणि गाडी धडधडत जाताना मनसोक्त ओरडलो. ऐकू गाडीच येईल. मधे कुठेतरी अम्मा म्हणून हाक आहे. अत्तानांना म्हणावं, तिथे दमू नका.

तुझा तंबी,
कुगन