पहिला शब्द बापाचा

न्यू ब्राइटन, पोर्ट एलिझाबेथ
४ सप्टेंबर १९६५

चि. म्लामली यास ताईचे अनेक आशीर्वाद. येथे सर्व ठीक. तुझ्या गुडघ्याचे कळवत जा, मी विचारल्याशिवाय तू सांगत नाहीस.

थेंबेकाचे लग्न सोंजिकांच्या मुलाशी ठरले. मुलाकडून यायच्या गाईंची बोलणी तुझ्याऐवजी काकांनी केली आणि दोनदा रुसून उठले, म्हणजे रीतीप्रमाणे सगळे झाले. आता अडले आहे ते तुझ्यापाशी. सरकारची बंदी आल्यापासून तुला एका वेळी एकाच माणसाला भेटता येते आणि ओढा ओलांडता येत नाही. सोंजिकांचे घर नेमके ओढ्यापलीकडे. सासरच्या अंगणात वडीलधारे सुनेला उपदेश करतात तेव्हा पहिला शब्द बापाचा असतो, हे मी तुला शिकवायला नको.

मॅजिस्ट्रेटकडे अर्ज कर. एका दिवसाची परवानगी मिळेल असे वकील म्हणतात. काळ्या माणसाने जन्मभर पास खिशात घालून हिंडायचे, त्याविरुद्ध तू अख्खे शहर रस्त्यावर आणलेस, तुरुंग भोगलास. मला अभिमान आहे. पण साऱ्यांच्या लेकींसाठी भांडणाऱ्याने स्वतःच्या लेकीसाठी एक कागद लिहायला हात का आखडावा? तिची आई गेल्यापासून पोर माझ्याकडे आहे. तिने कधी काही मागितले नाही. हे मागते आहे.

कळावे, रागातही तुझीच,
नोबांटुताई

•

सिहोटा
१५ सप्टेंबर

ती. ताईस म्लामलीचा शि. सा. न. वि. वि. तू रागावलीस की टाक असा दाबतेस, पत्र मागच्या बाजूनेही वाचता येते.

अर्ज करणार नाही. आधी पुढे वाच, मग शिव्या दे. अर्ज करणे म्हणजे ही बंदी मला कबूल आहे असे माझ्याच हाताने लिहून देणे. पलीकडच्या खेड्यातला मकालिमा, त्याच्यावरही हीच बंदी, आईच्या मातीलाही गेला नाही. प्रेतयात्रा निघाली तेव्हा आपल्या हद्दीत टोपी काढून उभा राहिला, पण कोणापुढे हात पसरला नाही. मी परवानगी घेऊन लग्नाचे मटण खाऊन आलो तर त्याला काय तोंड दाखवू?

मला हे सोपे जाते असे समजू नकोस. चळवळीत मी पुष्कळदा हरलो, पण असे कधी वाटले नव्हते. थेंबेकाला सांगायचा धीर होत नाही. तेवढे तू कर.

लोभ आहेच, तो शिव्यांसकट असू दे.
म्लामली

•

न्यू ब्राइटन
२४ सप्टेंबर

चि. म्लामलीस आशीर्वाद, मनात नसतानाही.

तू आपल्या आजोबांच्या हट्टी बैलावर गेला आहेस. थेंबेकाला सांगितले. रडेल म्हणून मी पदर पुढे केला, तर ती म्हणाली की तात वऱ्हाडात येऊ शकत नसतील तर वऱ्हाड तातांकडे जाईल, एका वेळी एक माणूस तर चालतो ना? तेव्हा शनिवारी सकाळी दाढी करून बस. चहाला दूध जास्त ठेव.

तुझी, अजून रागावलेली,
ताई

•

न्यू ब्राइटन
६ ऑक्टोबर

चि. म्लामलीस अनेक आशीर्वाद.

वऱ्हाडाची रांग तुझ्या दारापासून चर्चच्या कुंपणापर्यंत गेलेली तू खिडकीतून पाहिलीसच. तुझ्यावर पाळत ठेवणारा सार्जंट दारात खुर्ची टाकून एकाला बाहेर काढी, मग दुसऱ्याला आत सोडी. शेवटी शेवटी म्हाताऱ्या बायका त्यालाच आल्याची बियर पाजू लागल्या. थेंबेका सर्वांत शेवटी आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढचे तुला माहीत नाही. सोंजिकांच्या अंगणात उपदेशाची वेळ झाली. तुझ्याऐवजी बोलायला काका उठले, तर आपल्या बाईसाहेबांनी हात वर केला. नवी सून तोंड उघडते का कधी? हिने उघडले. म्हणाली की तातांनी मला सांगून पाठवले आहे: या घरात मान खाली घालून वावरू नकोस आणि कोणाला मान खाली घालायला लावू नकोस. जे तुला दाराबाहेर ठेवतील त्यांच्या दारात याचना करू नकोस, आपल्या अंगणात चूल पेटती ठेव, आणि ते उपाशी आले तर त्यांनाही वाढ. म्हातारे डोळे पुसत म्हणाले की म्लामलीच बोलला.

कोपऱ्यात पोलिसांचा माणूस सगळे उतरवून घेत होता. बंदी असलेल्या माणसाचे बोलणे चारचौघांत सांगणे हा गुन्हा आहे, म्हणून सोमवारी तिला चौकीवर बोलावले आहे. चार दिवसांची नवरी तुरुंगात जाईल रे. काय करू ते लगेच कळव.

ताई

•

सिहोटा
८ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि. घाबरू नकोस. काय घडले ते सांगतो, मला लाज वाटते तरी.

थेंबेका आत आली ती तिच्या आईची शाल पांघरून. मी बोलायला उभा राहिलो. मैदाने भरून माणसे समोर असताना मी कधी अडखळलो नाही. त्या दिवशी उभा होतो तसा खाली बसलो. तिचा हात धरून ठेवला. चहा निवला. सार्जंटने दार ठोठावले. तिने शाल सारखी केली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि निघून गेली. मी तिला एक शब्दही सांगितला नाही, ताई.

आपली पत्रे फोडून वाचली जातात. तेव्हा वाचणाऱ्या साहेबांनी एवढे सोमवारच्या आत चौकीवर कळवावे: त्या भाषणातला एकही शब्द माझा नाही. हे मी शपथेवर सांगेन. जे बोलली ते थेंबेका बोलली, आणि तिच्यावर अजून कसलीही बंदी नाही.

म्हाताऱ्यांनाही सांग की त्यांची चूक झाली. म्लामलीला इतके चांगले कधीच बोलता आले नाही. पोरीला सवड झाली की एकटीला पाठव. मला ते सगळे तिच्या तोंडून ऐकायचे आहे.

तुझा धाकटा,
म्लामली